घरच्यांना चालतं

जपानात दुसऱ्याच्या नखांना हात लावायला लायसन्स लागत नाही. मेंदी काढायलाही लागत नाही. पण कोणाच्या भुवईला दोरा लावलात, केसाला कात्री लावलीत, नवरीच्या गालावर ब्रश फिरवलात आणि हे काम म्हणून करत राहिलात, की लागतं. त्याला इथे मेन्क्यो म्हणतात. दोन वर्षांची शाळा, मग सरकारी परीक्षा, लेखी आणि हातची, सगळी जपानीतून. कोणाला लागतं आणि कोण सुटतं, हे मला कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन. इतकं पाठ असून उपयोग काय झाला, तेच सांगायला बसले आहे.

पुण्यात कोथरूडला माझं स्वतःचं पार्लर होतं. अकरा वर्षं चालवलं. नवऱ्याला टोकियोचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं, आम्ही फुनाबोरीत आलो आणि माझ्या पासपोर्टात ‘डिपेंडंट’ असं चिकटलं. पहिल्या सहा महिन्यांत मी कचऱ्याचे प्रकार शिकले, ट्रेनच्या लाइनी शिकले, आणि कोणत्या कॉनबिनीत, म्हणजे नाक्यावरच्या दुकानात, शाकाहारी काय मिळतं ते शिकले. मग एका शनिवारी सोसायटीतल्याच एकीनं विचारलं, “काय गं, तू पार्लरवाली ना? माझ्या आयब्रोज बघ, जंगल झालंय.” खिडकीजवळ जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली, दोरा दातात धरला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. पुढच्या शनिवारी तिघी आल्या. त्याच्या पुढच्या शनिवारी सात.

मी पैसे घेत नव्हते. कोणी थालीपीठं आणायची, कोणी पुण्याहून आलेला चिवडा. पैसे नाहीत म्हणजे धंदा नाही, आणि धंदा नाही म्हणजे कायद्याचा नि माझा संबंध नाही, असं माझं साधं गणित होतं. मला ते कोणी विचारलंही नव्हतं.

विचारलं ते आमच्या इमारतीच्या म्हाताऱ्या मॅनेजरनं. दर शनिवारी आमच्या दाराबाहेर चपलांचा ढीग दिसायचा. त्यानं लिफ्टमध्ये मान झुकवून, अगदी हळू आवाजात विचारलं की तुमच्याकडे दुकान आहे का. इतकं गोड विचारलं की ती तक्रार होती हे मला लिफ्टचं दार बंद झाल्यावर कळलं. नवरा मात्र ऐकून भडकलाच. “आपली पर्मनंट व्हिसाची फाइल आत गेलीये, आणि तू घरात सलून काढून बसलीयेस? डोकं ठिकाणावर आहे का?” मी म्हटलं, “सलून कसलं? घरच्याच तर बायका येतात.” तो म्हणाला, “चल मग, हेच तिकडे जाऊन सांग.” आम्हा दोघांनाही राग आला की कामं लवकर होतात. सोमवारी सुट्टी टाकून तो मला आरोग्य खात्याच्या ऑफिसात घेऊन गेला.

काउंटरवरची बाई माझ्याच वयाची होती. तिच्या केसांचा कट इतका सुरेख होता की मी आधी तेवढंच बघत बसले. तिनं विचारलं, “ज्या बायका येतात त्या तुमच्या कोण?” मी नवऱ्याला तोंड उघडू दिलं नाही. माझ्या स्वतःच्या जपानीत ठणकावून सांगितलं, “मिन्ना काझोकु देस.” सगळ्या कुटुंबातल्याच.

तिचा चेहरा उजळला. कुटुंबाला सूट असते, मग काळजीच नाही, असं काहीतरी म्हणत तिनं कोरा कागद घेतला, मध्ये एक चौकोन काढून त्यात मला बसवलं आणि म्हणाली, सांगा. मी सांगितलं. एक वहिनी. दोन ताया. एक मावशी. एक काकू. ती एकेक चौकोन काढून रेघा जोडत गेली.

“वहिनी म्हणजे भावाची बायको. भाऊ जपानातच असतात?”

“मला भाऊ नाही.”

तिचं पेन थांबलं. “मावशी म्हणजे आईची बहीण?”

“नाही, त्या नागपूरच्या.”

नवऱ्याचे कान लाल झाले होते. ती बाई हसली असती तर मलाही हसू आलं असतं आणि सगळं हलकं झालं असतं. पण ती हसली नाही. तिनं तो कागद हळूच उलटा ठेवला, माझी लाज झाकल्यासारखा. मग समजावून सांगितलं. पैसे घेता की नाही हा मुद्दाच नाही. दर आठवड्याला, येईल तिचं करता, म्हणजे ते काम झालं. रक्ताच्या, लग्नाच्या माणसांचं करा. आणि हो, एखादी मैत्रीण अडचणीत आहे, तिला एकदा मदत केलीत, तर त्याला कोणी काम म्हणणार नाही. हे शेवटचं तिनं दोनदा सांगितलं. नवऱ्यानं दोनदा मराठीत सांगितलं. मी ते ऐकलं होतं. ऐकलंच नव्हतं असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

मी पुण्याचा डिप्लोमा नेला होता, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला, नीट पाहिला, छान आहे म्हणाली आणि दोन्ही हातांनी परत दिला. परत येताना मी अख्ख्या रस्त्यात नवऱ्याच्या चार पावलं पुढे चालत राहिले. अकरा वर्षांच्या कामाला ‘छान आहे’! त्यापेक्षा तिनं फाडून टाकला असता तर भांडता तरी आलं असतं.

घरी येऊन मी बायकांच्या ग्रुपवर लिहिलं, “आजपासून फक्त मेंदी आणि नखं. बाकी सगळं बंद. घरच्यांनाच चालतं, असा इथला कायदा आहे.” मुद्दाम तसं लिहिलं. मैत्रिणीला एकदा चालतं हे लिहिलं नाही. एकीनं रडका चेहरा टाकला. मावशींनी विचारलं, “म्हणजे आम्ही परक्या का गं?” मी फोन पालथा ठेवला. माझे हात इथे कोणाला नकोत ना, मग नकोतच कोणाला, अशी माझी घुश्श्यातली समजूत. माझ्या स्वभावाला औषध नाही, असं माझी आई म्हणायची. ते खरंच आहे.

ग्रुपवर फक्त एकीनं मस्करी केली. “जशी आज्ञा, सरकार. आमच्या भुवया आता जुळल्या तरी चालतील.”

ही माझी ग्योतोकूची मैत्रीण. एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची, नवरा दुसऱ्या कंपनीत, नऊ वर्षांची मुलगी जी मराठीत विचारलेल्याला जपानीत उत्तर द्यायची. फुनाबोरीहून तिच्याकडे सरळ ट्रेन नाही, निशी-कासाईपर्यंत बसने जाऊन मग गाडी धरायची. तरी ती दर तीन आठवड्यांनी यायची. तिच्या भुवया दाट, आईवर गेलेल्या, मधोमध भेटायला निघालेल्या. तिला दर वेळी तिसऱ्या ओढीला शिंक यायची आणि ती मलाच रागवायची, “अगं हळू, कणीस सोलतेयस का!” जपानात मला खरी मैत्रीण म्हणावी अशी ती एकटी होती. बाकीच्या चांगल्या होत्या, पण ती माझी होती.

दोन-तीन महिन्यांनी तिला कॅन्सरची गाठ निघाली. तिनं मला फोनवर सांगितलं, रेशन संपलंय असं सांगावं तितक्या सहज. मी डबे पोचवले, मुलीला शाळेतून आणलं, हॉस्पिटलात सोबत बसले. केमो सुरू झाली. केस गेले, मग भुवया गेल्या. “लेक म्हणते, मामाला मायु नाही,” ती हसत म्हणाली. म्हणजे आईला भुवया नाहीत. डोक्याला ती कायम गुलाबी टोपी घालायची. माझ्यासमोर तिनं ती कधी काढली नाही, आणि मीही कधी काढ म्हटलं नाही.

पुण्यात तिच्या आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. आईचं बीपी, आईचं हृदय, आईची पंचाहत्तरी तोंडावर आलेली. “तेवढा कार्यक्रम होऊ दे, मग सांगते,” असं तिचं ठरलं होतं. भावानं हॉल घेतला होता, पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळायचं होतं, आणि जपानची लेक मोठ्या पडद्यावर दिसणार होती. केमो सुरू झाल्यापासून ती आईशी नुसतं फोनवर बोलत होती, ऑफिसात काम फार आहे म्हणून. पण त्या रविवारी तोंड दाखवणं भागच होतं.

त्या बुधवारी तिचा मला फोन आला.

“ऐक ना. विग आलाय, पण घातला की डोक्यावर पातेलं पालथं घातल्यासारखा दिसतो. तो जरा कापून दे. खाली उरलेत ते चार केस काढून टाक. आणि भुवया काढून दे. तुझ्या हातच्या हव्यात. आईला माझ्या भुवया पाठ आहेत, जरा इकडची तिकडे झाली तरी तिला कळेल.”

मी म्हटलं, “अगं, आमची पर्मनंटची फाइल...”

“मी काय पोलिसात जाऊन सांगणार आहे?”

“तसं नाही गं. नियम आहे. फक्त घरच्यांना चालतं.”

“मग मी घरची नाही?”

“कागदावर नाहीस ना.”

तोंडातून गेलं. तिच्याकडे कपडे धुऊन झाल्यावर मशीन वाजवतं ते छोटं गाणं वाजलं आणि थांबलं. मी घाईघाईनं म्हटलं, “तू कर ना, मी व्हिडिओवर सांगते कसं करायचं. सोपं आहे.” ती म्हणाली, “नको, असू दे. बघते मी माझी.” आवाजात राग नव्हता. राग असता तर मी बसने, ट्रेनने, चालत, कशीही गेले असते.

खरं काय ते आता लिहून टाकते. कायदा मला आड आला नव्हता. काउंटरवरच्या बाईनं दोनदा सांगितलेलं मला लख्ख आठवत होतं. नवरासुद्धा त्या दिवशी म्हणाला, “जा की, एकदा चालतं म्हणाली होती ती.” मी त्याच्यावरच खेकसले की तेव्हा तूच बोंब मारत होतास. एक तर माझा घुस्सा गेला नव्हता. आणि दुसरं म्हणजे मी भ्याले होते. त्या टोपीखालचं डोकं मला बघायचं नव्हतं. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या डोक्यांत हात घातलेली बाई मी, आणि तिच्या डोक्याला हात लावायची माझी छाती झाली नाही. नियम हाताशी होता, तो मी पुढे केला.

रविवारी दुपारी मी घरीच होते. सगळा स्वयंपाक खारट झाला. संध्याकाळी तिनंच फोन केला आणि रंगवून सांगितलं. सकाळपासून आरशासमोर बसली होती. एक भुवई आश्चर्यानं वर गेलेली आणि एक रुसलेली. पुसली, परत काढली, परत पुसली. कातडी नाजूक झालेली, लाल झाली, सुजली. शेवटी वेळ झाली तेव्हा तिनं कॅमेरा बंदच ठेवला आणि बिघडलाय म्हणून सांगितलं. हॉलमधल्या पडद्यावर नुसता काळा चौकोन. “आई माइकवर म्हणाली, अगं दिसत नाहीयेस तू. सगळा हॉल हसला.” हे सांगताना तीही हसली. मी म्हटलं, “अगं मग मला...” ती म्हणाली, “जाऊ दे गं. आवाज ऐकला ना तिनं.”

त्यानंतर आईनं पिच्छाच धरला. रोज फोन, रोज ‘तोंड दाखव’. ही रोज नवीन कारण द्यायची. कॅमेरा दुरुस्तीला दिलाय. आत्ता ट्रेनमध्ये आहे, इथे बोलायचं नसतं. नेट बंद आहे. आजाराचं सांगायचं तेही पुढे ढकलत राहिली, कारण सांगितलं की आई आधी बघायला मागणार, आणि बघितलं की कोसळणार. “दोन महिन्यांत केमो संपेल, भुवया येतील, मग बघू दे तिला,” असं म्हणायची. मी तेव्हा तरी जायला हवं होतं. रोज ठरवायचे, आज नक्की म्हणते की येते तुझ्याकडे सामान घेऊन. पण एकदा नाही म्हटलेल्या गोष्टीला कोणत्या तोंडानं हो म्हणायचं ते कळत नव्हतं. ती परत विचारेल अशी वाट बघत राहिले. तिनं परत विचारलं नाही.

पाचव्या आठवड्यात तिला ताप आला. साधा ताप, म्हणता म्हणता छातीत गेला. नळ्या लावल्या. तिच्या नवऱ्यानं सासूला फोन करून गाठ, केमो, ताप सगळं एका दमात सांगितलं, कारण आता थांबायला वेळच नव्हता. भाऊ व्हिसाच्या मागे धावला. गुरुवारी सकाळी ती गेली.

स्मशानाची तारीख चार दिवसांनी मिळाली, तोवर तिला इचिकावातल्या अंत्यविधीच्या एका हॉलवर ठेवलं होतं. भाऊ आला नाही. व्हिसा मिळेपर्यंत उरकलंच असतं. आईला फोनवरच दर्शन द्यायचं ठरलं. हॉलवर काळ्या कोटातली एक बाई आली, हातात मेकअपची पेटी. तिनं मैत्रिणीच्या नवऱ्याला काहीतरी विचारलं आणि तो माझ्याकडे आला.

“वहिनी, त्या म्हणतायत की घरच्यांपैकी कोणाला तिचा मेकअप करायचा असेल तर चालेल. तुम्ही कराल का?”

मी त्या बाईकडे वळून एवढंच विचारलं, “मेन्क्यो?” तिला वाटलं मी तिचंच लायसन्स मागतेय. ती वाकली, म्हणाली की ह्या कामाला मेन्क्यो लागत नाही. मी म्हटलं, “मलाही नाही?” ती म्हणाली, “कोणालाच नाही. गेलेल्या माणसाचं कोणीही करू शकतं.”

मला त्या बाईचा, त्या देशाचा, त्या नियमाचा असा संताप आला, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

मी केलं. सगळं केलं. कातडी थंड होती, क्रीम पसरेना. त्या बाईनं मला दाखवलं की आधी आपल्या तळव्यात धरून गरम करायचं. विग मानेपाशी कापला, पुढून पातळ केला, दोन बटा कानामागे घेतल्या. मग भुवया. फोटो लागला नाही. एकेक केस पेन्सिलीनं काढत गेले, डावी जरा उंच, मधोमध दाट, जशा होत्या तशा. पाऊण तास लागला. रडले नाही, कारण हात हलून चालत नाही. “माफ कर गं,” एवढं मोठ्यानं म्हटलं. ती बाई पाठ करून पेटी आवरत राहिली. मी आयुष्यात इतक्या नवऱ्या सजवल्या, पण इतकं नीट काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

दुपारी पुण्याला फोन लावला. तिच्या नवऱ्यानं फोन तिच्या चेहऱ्यावर धरला. पलीकडे आई खुर्चीत, शेजारी भाऊ. आई खुर्चीतून पुढे वाकल्या. मग फोनच्या अगदी जवळ आल्या, इतक्या की पडद्यावर नुसते त्यांचे डोळे आणि कपाळ दिसायला लागलं, आणि मधोमध भेटायला निघालेल्या पांढऱ्या भुवया.

“काही नाही झालेलं गं हिला,” त्या म्हणाल्या. “आहे तशीच आहे माझी. मला वाटलं आजारानं ओळखू येणार नाही.”

भाऊ म्हणाला, “आई, पुरे आता.”

“थांब रे. एवढी चांगली दिसत होती, तर मग त्या दिवशी मला तोंड का नाही दाखवलं हिनं? पंचाहत्तर दिवे लावले होते. एकदा दिसली असती तर काय बिघडलं असतं?”

तिच्या नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या हातातला फोन वळला आणि पडद्यावर मी आले. माझ्या बोटांना अजून भुवयांच्या पेन्सिलीचं काळं लागलेलं होतं.

“तू तिची मैत्रीण ना?” त्या म्हणाल्या. “तुझं नाव सारखं असायचं तिच्या तोंडी. तुला तरी काही बोलली होती का गं ती? का नाही दाखवलं?”

“नाही, काकू,” मी म्हटलं. “मला काहीच बोलली नाही.”